न खेळण्याचीं खेळणीं

मराठी भाषेंत कांहीं वस्तू अशा आहेत, कीं त्यांचें नांव व त्यांचें काम यांसाठीं निरनिराळे शब्द लागत नाहींत. ज्यानें लाटावयाचें तें लाटणें, ज्यानें उलथावयाचें तें उलथणें, आणि ज्याच्याशीं खेळावयाचें तें खेळणें. एखाद्या गृहस्थानें घरांतील लाटणें कांचेच्या कपाटांत बंद करून ठेवलें, त्यास पिठाचा स्पर्श होऊं दिला नाहीं, आणि ‘यानें आजवर एकही पोळी लाटलेली नाहीं, म्हणून याचें मोल दसपट आहे’ असें तो पाहुण्यांस अभिमानानें सांगूं लागला, तर घरच्या मंडळींस त्याच्या प्रकृतीविषयीं काळजी वाटेल. परंतु हीच गोष्ट खेळण्याच्या बाबतींत घडली म्हणजे तिला छंद म्हणतात, तिच्यासाठीं निराळा बाजार भरतो, आणि चांगलीं शिकलेलीं, मिळवतीं माणसें त्या बाजारांत हजारों रुपये मोजून येतात. या विपर्यासाविषयीं कोणीं तरी स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. विषय क्षुल्लक आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं एवढेंच ध्यानांत घ्यावें, कीं आपण मुलांच्या हातांत काय देतों आणि त्यांच्या हातांपासून काय दूर ठेवतों, यावरून आपली स्वतःची पारख होत असते.

ज्या वस्तूंविषयीं आम्ही लिहीत आहों त्यांस इंग्रजींत ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. विज्ञानकथेवर रचलेल्या व्हिडिओ गेममधील योद्धे, यंत्रमानव व परग्रहावरील प्राणी यांचे हे प्लास्टिकचे बाहुले होत. नमुन्यादाखल आम्ही ‘हेलो’ या खेळाचें उदाहरण घेतों, कारण तो या प्रकारांतील अत्यंत गाजलेला खेळ आहे. बंजी नांवाच्या अमेरिकन मंडळीनें तो रचला व मायक्रोसॉफ्ट कंपनीनें आपल्या एक्सबॉक्स या यंत्राबरोबर १५ नोव्हेंबर २००१ रोजीं तो बाजारांत आणिला. अंतराळांत तरंगणारें एक प्रचंड कंकणाकृति कृत्रिम जग, त्यावर उतरलेली मानवांची तुकडी, आणि हिरव्या चिलखतांतला ‘मास्टर चीफ’ हा नायक, असें त्याचें कथानक आहे. खेळ लोकप्रिय झाला तसे त्याचे बाहुलेही निघूं लागले. २००८ मध्यें टॉड मॅकफार्लेन या चित्रकाराच्या कंपनीनें ‘हेलो ३’ मधील पात्रें बाजारांत आणिलीं. २०२० मध्यें जॅझवेअर्स या कंपनीनें साडेसहा इंची बाहुल्यांची मालिका काढली. मुंबईस भरणाऱ्या कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांतून, आणि त्याहूनही अधिक घरबसल्या मागविण्याच्या सोयीमुळें, अशा प्रकारचे बाहुले आतां आपल्याकडील दिवाणखान्यांतही येऊन उभे राहूं लागले आहेत.

या बाहुल्यांच्या कारागिरीबद्दल आमची तक्रार नाहीं. चिलखताच्या पत्र्यांमधील सांधे, तोफेच्या धुरानें काळवंडलेली छाती, मनगटांत व गुडघ्यांत बसविलेल्या खिळी, हें सर्व ज्यांनीं घडविलें त्यांचा हात कसलेला आहे. आमची तक्रार आहे ती या बाहुल्यांच्या बाजारानें लावून दिलेल्या एका नियमाविषयीं. तो नियम असा, कीं खोकें न उघडलेल्या बाहुल्याची किंमत सर्वांत अधिक. खोकें उघडलें कीं ती उतरली. बाहुला बाहेर काढून कोणी त्याचा हात वरखालीं केला कीं ती आणखी उतरली. आणि एखाद्या मुलानें त्यास अंगणांत नेऊन लढविलें, त्याची बंदूक हरवली, गुडघ्याचा रंग घासला, तर तो बाहुला त्या बाजाराच्या दृष्टीनें मेल्यांत जमा. म्हणजे ज्या खिळी कारागिरानें एवढ्या कौशल्यानें बसविल्या त्या कधींही वळतां कामा नयेत, हीच त्या वस्तूच्या मोलाची अट होऊन बसली! मुलाचा स्पर्श हा जेथें खेळण्याचा दोष ठरतो, तेथें कांहीं तरी मुळापासून बिघडलें आहे असें आम्ही समजतों.

हा बिघाड एका दिवसांत झालेला नाहीं. त्याचा आरंभ नांवापासून आहे. १९५९ मध्यें अमेरिकेंत मॅटेल कंपनीनें बार्बी ही बाहुली काढली व ती मुलींनीं उचलून धरली. तेव्हां मुलग्यांसाठीं असें कांहीं काढतां येईल काय, या विचारानें हॅस्ब्रो कंपनीनें १९६४ मध्यें सुमारें बारा इंच उंचीचा, कपडे बदलतां येणारा ‘जी. आय. जो’ हा सैनिक काढला. वस्तु बाहुल्याचीच होती. परंतु मुलगा बाहुलीशीं खेळतो असें म्हटलें तर बाप ती विकत घेणार नाहीं, या भयानें तिला ‘ॲक्शन फिगर’ असें भारदस्त नांव देण्यांत आलें. पुढें या नांवाची गंमत न्यायालयापर्यंत पोंचली. ‘एक्स-मेन’ या मालिकेंतील बाहुले परदेशांत तयार करवून अमेरिकेंत आणणाऱ्या टॉय बिझ कंपनीचा जकातखात्याशीं वाद झाला. माणसाची प्रतिकृति असेल तर ती ‘बाहुली’ ठरे व तिजवर १२ टक्के जकात बसे. माणसाची नसेल तर तें नुसतें ‘खेळणें’ ठरे व जकात ६.८ टक्के. कंपनीनें आपलीं हीं पात्रें मानव नव्हेतच असें प्रतिपादन केलें, आणि २००३ मध्यें आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयानें तें मान्यही केलें. ज्या कथांचा सारा जीव ‘आम्हीही माणसेंच आहों’ या त्या पात्रांच्या आक्रोशांत आहे, त्या कथांच्या मालकांनींच जकातीचे चार पैसे वांचविण्यासाठीं त्यांचें माणूसपण न्यायालयांत नाकारावें, याहून बोलका प्रसंग आम्हांस माहीत नाहीं. या धंद्यांत शब्दाचा अर्थ हा पैशाच्या सोयीनें ठरतो, एवढें वाचकांनीं येथें लक्षांत ठेवावें.

दुसरी पायरी १९७७ ची. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट त्या वर्षीं निघाला व अनपेक्षित गाजला. त्याचे बाहुले काढण्याचा हक्क केनर कंपनीकडे होता, परंतु नाताळापर्यंत माल तयार होणें शक्य नव्हतें. तेव्हां कंपनीनें पुठ्ठ्याचें एक चित्रित पाकीट विकलें. त्यांत एक प्रमाणपत्र होतें. तें भरून पाठविलें म्हणजे पुढील वर्षीं चार बाहुले टपालानें घरीं येणार होते. त्या नाताळांत अमेरिकेंतील कित्येक मुलांस भेट म्हणून मिळालें तें आश्वासन. येथें खेळण्यावांचून खेळण्याची विक्री झाली. तरी त्या मुलांचें नशीब थोर; बाहुले आले, तीं त्यांच्याशीं खेळलीं, आणि त्यांनीं ते मोडलेही.

तिसरी पायरी त्याच मालिकेंतील बोबा फेट या पात्राची आहे. त्याच्या पाठीवरील क्षेपणास्त्र कळ दाबतांच उडावें अशी योजना होती. परंतु दुसऱ्या एका कंपनीच्या तशाच खेळण्यांतील क्षेपणास्त्र घशांत अडकून एक बालक दगावलें होतें. त्यामुळें केनर कंपनीनें ती योजना सोडली व क्षेपणास्त्र पक्कें डकवूनच बाहुला विकला. उडणाऱ्या क्षेपणास्त्राचे कांहीं नमुने तेवढे कारखान्याच्या मंडळींकडे राहिले. त्यांतील एक नमुना २०२४ मध्यें अमेरिकेंतील लिलांवांत ५,२५,००० डॉलरांस गेला. खेळण्यांच्या बाजाराचा हा कळस होय. जो बाहुला मुलांसाठीं धोक्याचा म्हणून कधींही दुकानांत आला नाहीं, त्याचेंच मोल सर्वांत अधिक! जो नियम आम्हीं वर सांगितला, तो याहून शुद्ध स्वरूपांत कोठेंही पाहावयास मिळणार नाहीं.

आतां अशा बाजारास परीक्षकही हवेत. अमेरिकेंत ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’ या नांवानें एक व्यवस्था चालते. संग्राहक आपला बाहुला खोक्यासकट तेथें पाठवितो. परीक्षक पुठ्ठ्याचा कोपरा दुमडला आहे काय, प्लास्टिकचें आवरण पिवळें पडलें आहे काय, हें पाहून त्यास शंभरांपैकीं गुण देतात. आणि मग तें खोकें दुसऱ्या एका पारदर्शक पेटींत कायमचें बंद करून परत करतात. गुण देणें हा आमचा जन्माचा व्यवसाय आहे. आजवर हजारों उत्तरपत्रिका आम्हीं तपासल्या. त्यांत खाडाखोड असे, शाईचे डाग असत, पुरवण्या उलट्यासुलट्या बांधलेल्या असत. परंतु विद्यार्थ्यानें एक अक्षरही लिहिलेलें नाहीं, सबब कागद निष्कलंक आहे, म्हणून कोऱ्या उत्तरपत्रिकेस पंचाण्णव गुण द्यावे, ही युक्ति आम्हांस किंवा आमच्या कोणाही सहकाऱ्यास सुचली नाहीं. बाहुल्यांच्या परीक्षकांस ती सुचली, आणि तीवर त्यांचा धंदा उत्तम चालला आहे.

पुन्हां ‘हेलो’कडे वळूं. त्या खेळांत अनेक जण एकमेकांशीं लढतात, तेव्हां प्रत्येकास आपल्या योद्ध्याच्या चिलखताचा रंग निवडतां येतो. खेळांत ही सोय फुकट आहे. बाहुल्यांच्या व्यापाऱ्यांनीं तीच सोय पैशांत उतरविली. साचा एक, योद्धा एक; परंतु तांबडा एका दुकानांत मिळणार, निळा दुसऱ्या, आणि पोलादी रंगाचा फक्त तिसऱ्या. संग्राहकास तिन्ही हवेत, कारण ‘संच पुरा करणें’ हा त्याचा धर्म. पुढें याच खेळाच्या नांवावर लहान बाहुले अपारदर्शक पाकिटांत घालून विकण्यांत आले. आंत कोणता आहे हें उघडल्यावांचून कळूं नये, आणि दुर्मिळ बाहुला मिळेपर्यंत पाकिटें घेत सुटावें, हा त्यांतील मतलब. वाचकहो, ज्या क्रियेंत मनुष्य पैसे देतो, काय मिळणार हें त्यास ठाऊक नसतें, आणि हवें तें न मिळाल्यास तो पुन्हां पैसे देतो, त्या क्रियेस आपल्या वाडवडिलांनीं एक साधें नांव दिलेलें आहे, व आपल्या मुलांस त्यापासून दूर राहण्याची शिकवणही दिलेली आहे. तें नांव आम्ही येथें लिहीत नाहीं. सर्वांस ठाऊक आहे.

याच खेळाचा तिसरा भाग २००७ मध्यें निघाला, तेव्हां त्याची एक महागडी आवृत्ति सुमारें १३० डॉलरांस विकण्यांत आली. तिच्यासोबत नायकाचें शिरस्त्राण होतें. परंतु तें इतकें लहान केलेलें होतें, कीं घेणाऱ्याच्या डोक्यांत तें बसत नसे. आंत खेळाच्या तबकड्या ठेवाव्या व शिरस्त्राण फळीवर मांडावें, एवढाच त्याचा उपयोग. जें मस्तकावर चढत नाहीं त्यास शिरस्त्राण म्हणावें, ज्याशीं कोणी खेळत नाहीं त्यास खेळणें म्हणावें, अशी ही सारी परिभाषा आहे.

वयाचा प्रश्नही असाच अधांतरीं आहे. पहिल्या ‘हेलो’वर अमेरिकन परीक्षणमंडळानें सतरा वर्षांवरील मंडळींसाठीं, अशी खूण केलेली आहे. बाहुले मात्र खेळण्यांच्या दुकानांत, लहान मुलांच्या डोळ्यांसमोर लटकत असतात. आपल्या देशांत १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह सक्तीचें झालें. त्या आदेशानें खेळणें म्हणजे चौदा वर्षांखालील मुलांनीं खेळावें म्हणून योजलेली वस्तु, अशी व्याख्या केली आहे. उलट, कित्येक महागड्या बाहुल्यांच्या खोक्यांवर ‘हें खेळणें नव्हे, प्रौढांनीं संग्रहीं ठेवण्याची वस्तु आहे’ अशा अर्थाची सूचना स्पष्ट छापलेली आढळते. म्हणजे मुलास खेळ निषिद्ध, प्रौढास खेळणें निषिद्ध. मध्यें उरतो तो केवळ खरेदीचा व्यवहार.

या सर्वांवर कडी करणारा विरोध खुद्द कथानकांत आहे. एरिक नायलंड यांच्या ‘द फॉल ऑफ रीच’ या २००१ च्या कादंबरींत मास्टर चीफचें पूर्वचरित्र आलें आहे. त्याचें नांव जॉन. वयाच्या सहाव्या वर्षीं सरकारनें त्यास आईबापांच्या नकळत पळवून नेलें, त्याच्या जागीं एक नकली मूल ठेवून दिलें, आणि तशाच आणखी चौऱ्याहत्तर मुलांबरोबर त्यास सैनिक म्हणून घडविलें. त्यांतील कित्येक मुलें त्या घडविण्यांतच मेलीं अथवा पंगु झालीं. ज्याचें बालपण राज्यानें हिरावलें, त्याची ही गोष्ट आहे. आणि त्याच्या बाहुल्याचें मोल आज यावर ठरतें, कीं दुसऱ्या कोणत्याही सहा वर्षांच्या मुलानें त्यास शिवलेलें नाहीं! २००१ च्या त्या खेळाचा आरंभ कसा होतो हेंही पाहण्यासारखें आहे. शत्रु चालून आलेला असतो, आणि शीतनिद्रेच्या पेटींत निजलेल्या या वीरास झांकण उघडून जागें करण्यांत येतें. पेटी उघडते तेव्हां खेळ सुरू होतो. ज्यांनीं तो खेळ शंभरदां खेळला, त्यांनींच त्या वीरास पुन्हां पारदर्शक पेटींत निजवावें आणि ती कधींही उघडूं नये अशी दक्षता घ्यावी, हें त्यांच्या आवडत्या कथेचें आकलन नव्हे, विस्मरण आहे.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप येतील ते आम्ही जाणून आहों, आणि त्यांस उत्तर दिल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे.

पहिला आक्षेप असा, कीं प्रौढांनीं स्वतःच्या पैशानें बाहुले घेतले तर तुमचें काय बिघडलें? मोठ्या माणसांनीं खेळूं नये असें का तुमचें म्हणणें आहे? मुळींच नाहीं. विज्ञानकथेच्या आद्य आचार्यांत ज्याची गणना होते तो एच. जी. वेल्स, म्हणजे १८९८ मध्यें मंगळावरील प्राण्यांची स्वारी लिहून साऱ्या इंग्लंडास धाक घालणारा ग्रंथकार, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या सुमारास जमिनीवर गुडघे टेकून शिशाच्या सैनिकांशीं खेळत असे, आणि त्या खेळाचे नियम त्यानें १९१३ मध्यें ‘लिटल वॉर्स’ या नांवाच्या पुस्तकांत छापून प्रसिद्ध केले. स्प्रिंगच्या लहान तोफेनें लाकडाची गोळी मारावी, सैनिक पडावे, पडले ते मेले असें समजावें, असा तो खेळ. खऱ्या लढाईपेक्षां ही लहान लढाई किती बरी, हें त्या पुस्तकाचें सार आहे. आणि पुढच्याच वर्षीं युरोपांत खरी लढाई पेटली. वेल्सचे सैनिक पडत, त्यांचा रंग उडे. आमच्या मतें तो संग्राहकांहून शतपट शहाणा होता. प्रौढ मनुष्य खेळतो म्हणून आमचा रोष नाहीं; तो खेळण्याचें सामान घेऊन खेळत नाहीं म्हणून आहे.

दुसरा आक्षेप संग्रहाचा. नाणीं जमवितात, तिकिटें जमवितात, मग बाहुल्यांनींच काय घोडें मारलें? संग्रह ही मोठी विद्या आहे हें आम्हांस मान्य आहे. पुण्यांत दिनकर केळकर यांनीं आपल्या अकालीं निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नांवें उभें केलेलें वस्तुसंग्रहालय ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस संग्रहाचा अर्थ वेगळा सांगावयास नको. त्यांत दिवे आहेत, अडकित्ते आहेत, वाद्यें आहेत. परंतु त्या दिव्यांनीं कोणाचें तरी घर उजळलेलें आहे, त्या अडकित्त्यांनीं सुपारी कातरलेली आहे, त्या वाद्यांवर कोणाचीं तरी बोटें फिरलेलीं आहेत. वापरानें झिजलेली मूठ हीच तेथें त्या वस्तूची प्रतिष्ठा आहे. केळकरांनीं दुसऱ्यांचें जगणें जपून ठेवलें. ज्या बाहुल्यास कोणाचाही हात लागलेला नाहीं, त्याच्या संग्रहांत जपून ठेवण्यासारखें कोणाचें जगणें आहे? तेथें जपलें जातें तें केवळ पुठ्ठ्याचें आवरण.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी, आणि मध्यम स्थितींतील कुटुंबांस भुलविणारा तोच आहे. हे बाहुले म्हणजे गुंतवणूक. आज पांच हजारांस घ्यावा, वीस वर्षांनीं पन्नास हजारांस विकावा. यांतील हिशेबाची चूक अगदीं साधी आहे. १९७८ मधील न उघडलेला बाहुला आज महाग कां? कारण त्या वेळच्या जवळ जवळ सर्व मुलांनीं आपले बाहुले उघडले, खेळविले व हरविले. त्यांनीं मनमुराद खेळून जी टंचाई निर्माण केली, तिच्यावर आजचे भाव उभे आहेत. परंतु आज जो तो आपलें खोकें बंद ठेवून बसला आहे. मग वीस वर्षांनीं टंचाई कशाची होणार? बंद खोक्यांची तर खास नव्हे. याचा अनुभव जगानें एकदां घेतलेलाही आहे, आणि योगायोग असा, कीं त्यांत हेच मॅकफार्लेन होते. १९९० मध्यें त्यांनीं काढलेल्या ‘स्पायडर-मॅन’ मासिकाचा पहिला अंक निरनिराळ्या मुखपृष्ठांनीं निघाला; कांहीं प्रती प्लास्टिकच्या पिशवींत बंद करून विकल्या; एकंदर खप सुमारें पंचवीस लाखांवर गेला. पुष्कळांनीं त्या प्रती न वाचतां ठेवून दिल्या, कीं पुढें मुलांच्या शिक्षणास उपयोगी पडतील. पंचवीस लाख प्रती जेथें जपलेल्या आहेत तेथें एका प्रतीची मातबरी ती काय? कांहीं वर्षांतच तो सट्टा कोसळला, कितीएक दुकानें बंद पडलीं, आणि १९९६ च्या अखेरीस मार्व्हल कंपनीवर दिवाळें काढण्याची वेळ आली, त्याच्या कारणांत ही पडझडही होती. न वाचलेलें मासिक आणि न खेळलेलें खेळणें हीं सख्खीं भावंडें आहेत. दोघांचें भवितव्य एकच.

चौथा आक्षेप मात्र आम्ही आदरानें ऐकतों. तरुण म्हणतो, ‘मी विद्यार्थिदशेंत मित्रांबरोबर रात्ररात्र हा खेळ खेळलों. ते मित्र आतां देशोदेशीं पांगले. जुन्या एक्सबॉक्सवरून जाळ्यावर एकत्र खेळण्याची सोय १५ एप्रिल २०१० रोजीं बंद झाली. पुढच्या यंत्रावरील ‘हेलो’ची तशीच सोय जानेवारी २०२२ मध्यें गेली. माझा खेळ गेला, मैदानही गेलें. हा बाहुला तेवढा हातांत राहिला.’ या म्हणण्यांत खरें दुःख आहे. आमच्या पिढीचें मैदान, विटी हरवली तरी, जागेवर राहिलें. या पिढीचें मैदान कंपनीच्या एका निर्णयासरशीं नाहींसें होतें. परंतु याच कारणानें आम्ही त्या तरुणास म्हणतों, कीं बाबा रे, ज्याची आठवण म्हणून तूं हा बाहुला आणिलास ती गोष्ट होती सोबतीची, धांवपळीची, हरण्याजिंकण्याची. ती आठवण सीलबंद खोक्यांत कशी राहील? त्यास बाहेर काढ, टेबलावर उभा कर, त्याचा हात वळव, तुझ्या मुलीनें विचारलें तर तिला त्याची गोष्ट सांग, आणि गोष्ट संपल्यावर तो तिच्या हातांत दे. ती त्याचें काय करील हें तूं ठरवूं नकोस. कदाचित् ती त्यास भातुकलींत पाहुणा म्हणून बोलावील व चिमुकल्या वाटींतून चहा पाजील. जगाचें रक्षण करून दमलेल्या योद्ध्यास याहून चांगली निवृत्ति कोणती असणार?

आपल्या साहित्यांत खेळण्याची एक गोष्ट आहे, तिचें स्मरण येथें होतें. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाचें नांवच मुळीं खेळण्यावरून पडलें आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून आला, आणि दासी रदनिकेनें करून दिलेली मातीची गाडी त्यास नकोशी झाली. तें पाहून वसंतसेनेनें आपले अलंकार उतरवून त्या मातीच्या गाडींत भरले. या प्रसंगांतील तिची माया आपण सर्वजण वाखाणतों, आणि तें योग्यच आहे. परंतु पुढें काय होतें तेंही आठवावें. तेच अलंकार परत करण्यास निघालेल्या मैत्रेयाच्या काखेंतून न्यायसभेंत खालीं पडतात, तोच चारुदत्ताविरुद्ध पुरावा ठरतो, आणि तो निरपराध बाप वधस्तंभापर्यंत जाऊन पोंचतो. खेळण्यांत सोनें भरलें तें मायेनें भरलें होतें, तरी तें एका घराच्या जिवावर बेतलें. आज खेळण्यांत सोनें भरलें जात आहे तें तर मायेनेंही नव्हे, लोभानें. ज्या घरांत बाहुल्याचें मोल सोन्याप्रमाणें झालें, त्या घरांत मुलाचा हात त्या फळीकडे वळतांच ‘शिवूं नकोस!’ असा आवाज उठतो; आणि आपल्या बोटांनीं वस्तूचें नुकसान होतें, हा धडा तें मूल शाळेंत जाण्यापूर्वींच शिकून बसतें. वर्षानुवर्षें वर्गांत आम्ही अशीं मुलें पाहतों, कीं तीं प्रयोगशाळेंतील उपकरणास हात लावण्यास कचरतात, कोऱ्या कागदावर रेघ ओढण्यापूर्वीं परवानगी विचारतात. हा सर्व दोष बाहुल्यांच्या फळीचा आहे असें म्हणण्याइतके आम्ही भोळे नाहीं. परंतु मोडण्याची मुभा ज्यास कधींच मिळाली नाहीं त्याचा हात जोडण्याच्या कामींही लुळा राहतो, याविषयीं आम्हांस संशय उरलेला नाहीं.

यास्तव सुशिक्षित कुटुंबांस आमची सूचना थोडक्यांत अशी. हे बाहुले घेऊं नका असें आम्ही म्हणत नाहीं. आवडला तर एक घ्या. परवडेल तोच घ्या. आंत काय आहे हें न दाखविणारें पाकीट घेऊं नका. संच पुरा करण्याच्या भरीस पडूं नका, कारण तो पुरा होऊं नये अशीच विकणाऱ्याची व्यवस्था असते. आणि घरीं आणल्यावर पहिलें काम हें करा, कीं कात्री घेऊन तें आवरण कापा. त्या क्षणीं बाजाराच्या हिशेबीं तुमच्या वस्तूची किंमत निम्म्यानें उतरेल. तुमच्या हिशेबीं मात्र ती तेव्हांच प्रथम खेळणें होईल. पुठ्ठ्याचें खोकें रद्दींत टाका. किंवा तेंही मुलांस द्या, तीं त्याचें अंतराळयान करतील, आणि तें त्या बाहुल्याहून अधिक दिवस चालेल.